समेटाला आई चालते, मग नगरपालिकेत बाई का चालत नाही? (नागालँड)

घाटवाट:

परवा एका हळदीकुंकवात महिला आरक्षणाचा विषय निघाला आणि मी नागालँडचं नाव काढलं. लगेच एक बाई म्हणाल्या, "तिकडे काय, तिकडे बायकांचंच राज्य ना?" मेघालय आणि नागालँडची ही सरमिसळ इतकी नेहमीची आहे की शेवटी लिहायलाच बसले. मेघालयातल्या खासी-गारोंमध्ये वंश आईच्या नावाने चालतो. नागांमध्ये चालत नाही. वडिलोपार्जित जमीन मुलीला मिळत नाही आणि गावपंचायतीत बसतात ते पुरुष.

बँकेच्या बदलीमुळे २०१५ ते २०१८ मी दिमापूरला होते. घरमालकीण अंगामी जमातीची, साठीच्या पुढची. सगळं आवार तिला आंटी म्हणायचं, मीही. परसात राजा मिरचीची रोपं, चुलीच्या धुरावर टांगलेलं मांस, रविवारी चर्चला जाताना ठेवणीतली शाल. माझं नागामीज "भाल आसे" च्या पुढे फारसं गेलं नाही, तिचं हिंदी कामचलाऊ, तरी तीन वर्षांत पुष्कळ बोललो.

एकदा शेजारच्या वस्तीतला एक मुलगा गाडीखाली गेला. गाडी चालवणारा दुसऱ्या जमातीचा. रात्री नऊपर्यंत रस्त्यावर पोरं जमायला लागली, काहींच्या हातात दाव. दाव म्हणजे आपल्या कोयत्याचा थोरला भाऊ. आंटी आणि आणखी तीन बायका मेलेल्या मुलाच्या घरी गेल्या, त्याच्या आईशेजारी चटईवर बसल्या त्या थेट सकाळीच उठल्या. त्या बसल्या होत्या तोवर त्या घरातून कोणी उठून बाहेर पडलं नाही. एवढंच झालं, आणि दिमापूरला त्या रात्री काही पेटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे मोठे बसले. आंटी चष्मा घरी विसरली होती म्हणून मी तो द्यायला गेले. आत लांब बाकांवर पंधरा-वीस पुरुष. आंटी बाहेर पत्र्याखाली, भल्या मोठ्या पातेल्यात चहा ढवळत होती. "आत काय ठरतंय?" मी विचारलं. ती म्हणाली, "मला काय माहीत? मी चहात आहे."

आता मोठा इतिहास थोडक्यात. नागा मदर्स असोसिएशन १९८४ साली कोहिमात स्थापन झाली. सुरुवातीला दारू, अंमली पदार्थ, पुढे एचआयव्ही. १९८९ साली राज्यात दारूबंदीचा कायदा आला त्यामागे चर्चइतकाच या बायकांचा रेटा होता. १९९४ मध्ये त्यांनी 'आता रक्त सांडू नका' अशी मोहीम काढली. त्या वेळी सैन्य आणि नागा बंडखोरांचे भूमिगत गट यांच्यात जेवढी माणसं मरत होती तशीच गटागटांच्या आपसातल्या वैरातही मरत होती. बेवारस प्रेतांवर शाल घालून ती मानाने पुरणं, दोन्ही बाजूंच्या म्होरक्यांना जाऊन भेटणं, हे सगळं या आयांनी केलं. त्यांच्यातल्या नेइदोन्युओ अंगामी यांना २००० साली पद्मश्री मिळाली. १९९७ च्या सरकार आणि बंडखोरांमधल्या शस्त्रसंधीचं सगळं श्रेय त्यांना देता येणार नाही, पण ती टिकवून धरण्यात त्यांचा हात होता हे तिथे कोणीही मान्य करतं.

आणि याच बायकांनी नगरपालिकेत एक तृतीयांश जागा मागितल्या तेव्हा काय झालं? २००१ च्या नगरपालिका कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती होऊन ३३ टक्के आरक्षण आलं. निवडणूकच होईना. २०११ मध्ये याच संघटनेच्या रोझमेरी झुविचू आणि अबियू मेरू हायकोर्टात गेल्या, जिंकल्या, वरच्या पीठाने स्थगिती दिली, विधानसभेने २०१२ मध्ये ठरावच केला की हे आरक्षण आम्हाला लागू नाही. मग सुप्रीम कोर्ट. अखेर १ फेब्रुवारी २०१७ ही मतदानाची तारीख ठरली.

ते दिवस मी पाहिले आहेत. बंद, बाजारपेठेची शटरं खाली, बँकेत आम्ही तिघं, मॅगीवर. ३१ जानेवारीच्या रात्री दिमापूरमध्ये गोळीबारात दोन तरुण गेले. २ तारखेला कोहिमात नगरपालिकेची इमारत जाळली. निवडणूक रद्द झाली आणि त्याच महिन्यात मुख्यमंत्री टी. आर. झेलियांग यांना पायउतार व्हावं लागलं. आंटीचा सख्खा भाचा रस्ता अडवणाऱ्यांत होता. चांगला पोरगा, माझा गॅस सिलिंडर तोच वर आणून द्यायचा. मी त्याला विचारलं, तुमचा विरोध नेमका कशाला? तो म्हणाला, "आंटी आमची आई आहे. आईला कोणी मतं मागायला दारोदार पाठवतं का?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. आई म्हटलं की गोळीबाराच्या मधे उभं राहायला ती चालते. गटारीचं टेंडर कोणाला द्यायचं हे ठरवायला मात्र चालत नाही. तुम्हाला काय वाटतं?

सातबारा:

घाटवाटताई, लेख आवडला. कायद्याची बाजू जरा सुटी करून सांगतो, कारण '३७१ अ' हे नाव घेतलं की लोक हात टेकतात.

संविधानाच्या अनुच्छेद ३७१ अ प्रमाणे नागांच्या धार्मिक-सामाजिक चालीरीती, त्यांचा रूढीचा कायदा, त्या रूढीप्रमाणे होणारा न्यायनिवाडा, आणि जमीन व तिच्यातली संपत्ती या चार बाबतींत संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय लागू होत नाही. विरोधकांचं म्हणणं असं की बायकांनी कारभारात न बसणं ही रूढी आहे, म्हणून आरक्षण ३७१ अ च्या विरुद्ध.

बायकांच्या बाजूने केलेला युक्तिवाद मला फार आवडतो. नगरपालिका ही नागांची रूढी कधी होती? शहरंच मुळी परवाची. पूर्वजांनी वॉर्ड पाडले नव्हते. मग नगरपालिकेत कोणी बसायचं हे रूढी कशी ठरवणार? शिवाय पंचायत राजची ७३ वी दुरुस्ती नागालँडला लागू नाही, मिझोराम-मेघालयालाही नाही, हे संविधानातच लिहिलंय. नगरपालिकांच्या ७४ व्या दुरुस्तीत नागालँडला तशी सूट दिलेली नाही. म्हणजे बायकांनी गावपंचायतीला हात लावलाच नव्हता. जिथे कायद्याचं दार उघडं होतं तिथूनच त्या आत शिरत होत्या.

आणि एक. तिथे ग्राम विकास मंडळं १९८० पासून आहेत, त्यांत चौथा हिस्सा जागा बायकांना ठेवलेल्या. तेव्हा रूढी बुडाली नाही. विकास मंडळात चालतं, नगरपालिकेत चालत नाही, याला रूढी म्हणत नाहीत.

तिखटमीठ:

यात मालमत्ता कराची भानगडही होती ना? माझ्या माहितीप्रमाणे निम्मा राग त्यावर होता. जमिनीवर कर म्हणजे जमिनीवर सरकारचा हक्क, अशी भीती. सगळं खापर 'पुरुषी' वर फोडून मोकळं होणं बरं नाही.

घाटवाट:

@तिखटमीठ, बरोबर आहे, तो भाग मी गाळला, चूक माझी. कराचा राग खरा होता. पण पुढचं ऐका. मार्च २०२३ मध्ये, मे महिन्यातल्या निवडणुकीची तारीख जाहीर झालेली असताना, विधानसभेने तो कायदाच रद्द करून टाकला. सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. मग नोव्हेंबर २०२३ मध्ये नवा कायदा झाला. त्यात ३३ टक्के राहिले, जमीन-इमारतीवरचा कर गेला, आणि जाता जाता अध्यक्षपदाचं महिला आरक्षणही गेलं. कराचा राग होता तर कर काढायचा. अध्यक्षपद कराबरोबर का गेलं?

रात्रपाळी:

माझं मत पटणार नाही, तरी लिहितो. आरक्षणाने काय होतं ते आपल्याकडे बघतोय की. आमच्या गावात सरपंच बाई. फ्लेक्सवर तिचा फोटो तिकिटाएवढा, नवऱ्याचा फोटो म्हशीएवढा. ग्रामसेवक फाईल घेऊन शेतात नवऱ्याकडे जातो. झेंडावंदनाला बाई येते, दोरी ओढते, जाते. नागा लोक निदान खोटं नाटक तरी करत नव्हते.

अण्णांची_सून:

रात्रपाळी दादा, तुमच्या त्या दोरी ओढणाऱ्या बाईंच्या जागी मी होते. पाच वर्षं.

पहिली दोन वर्षं तुम्ही म्हणता तसंच. चेकवर सही माझी, कशाचा चेक ते मला ठाऊक नाही. प्रोसिडिंग आधीच लिहून यायचं, मी खाली नाव लिहायची. एकदा सासऱ्यांना दवाखान्यात नेलं, मालक तिकडे, आणि ग्रामसेवक सही मागायला घरी आले. मी पहिल्यांदा वाचलं. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचं बिल होतं. ती टाकी मी रोज बघते, तिला कोणी हातही लावलेला नव्हता. मी म्हटलं, भाऊसाहेब, बसा, चहा घ्या, सही नाही होणार. घरात तीन दिवस कोणी माझ्याशी बोललं नाही. चौथ्या दिवशी मालकच म्हणाले, "मग तूच बघ काय ते."

मग तीन वर्षं मी बघितलं. आणि जरा कुठे समजायला लागलं तोवर आरक्षण फिरलं, पद खुलं झालं. खुल्या जागेवर मला कोण उभं करणार? मला विचारलं सुद्धा नाही. तेव्हा आरक्षणाला नावं ठेवायची तर यासाठी ठेवा. हाताला वळण लागलं की कढई काढून घेतात.

सातबारा:

अण्णांची_सून, टोपी काढली.

तिखटमीठ:

+१. टाकीचं बिल हा स्वतंत्र धागा होऊ शकतो.

निवृत्त_सुभेदार:

नमस्कार. नोकरीत मणिपूर आणि नागालँड मिळून साडेपाच वर्षं काढली. आया, शांती हे सगळं ऐकायला बरं वाटतं, पण मी दुसरी बाजू पाहिलेली आहे.

मणिपूरला रात्री गस्तीवर गावात शिरलो की आधी एक आवाज यायचा. लोखंडी विजेच्या खांबावर दगडाने टण टण टण. एक खांब वाजला की पुढच्या गल्लीतला, मग त्याच्या पुढचा. पाच मिनिटांत फनेक (लुंगीसारखं मणिपुरी वस्त्र) नेसलेल्या पन्नास बायका रस्त्यावर, हातात मशाली. मैरा पाइबी म्हणतात त्यांना, मैरा म्हणजे मशालच. आमच्या जवानांत एकही बाई नसायची, त्यांना हात कसा लावणार? आत जो कोणी लपलेला असेल तो मागच्या भातखाचरातून पसार. जून २०२३ मध्ये इथाम गावात हेच मोठ्या प्रमाणावर झालं. बायकांनी पुढे होऊन हजाराच्या वर जमाव जमवला आणि पकडलेले बारा बंडखोर सैन्याला सोडून द्यावे लागले. त्या वर्षीच्या मैतेई-कुकी हिंसाचारात मैतेई बायका मैतेईंच्या बाजूने उभ्या होत्या आणि कुकी बायका कुकींच्या. बाई आहे म्हणून ती शांततेचीच, हे मी मानत नाही.

अण्णांची_सून:

काका, तुमचं खरं असेल. पण त्या बायका खांब का वाजवायला लागल्या तेही सांगा की.

निवृत्त_सुभेदार:

सांगतो, लपवायचं काही नाही. आधी दारुड्यांना आवरायला रात्री फिरायच्या. मग सैन्य-पोलिसांनी पोरं उचलून न्यायला सुरुवात केल्यावर पोरं वाचवायला. २००४ च्या जुलैत थांगजाम मनोरमा या तरुणीला आसाम रायफल्सने उचललं आणि मग तिचं प्रेतच सापडलं, त्यानंतर इंफाळच्या कांगला किल्ल्यासमोर बारा बायकांनी अंगावरचे कपडे उतरवून निषेध केला तो दिवस सैन्यातला कोणीही माणूस विसरू शकत नाही. मी तेव्हा दुसरीकडे होतो. बराकीत टीव्ही लागला होता, कोणीतरी उठून बंद केला. कोणी काही बोललं नाही.

माझा मुद्दा एवढाच, की त्यांना शांतीदूत म्हणून जागा देऊ नका. नागरिक आहेत म्हणून द्या. शांतीदूत म्हणून दिली तर उद्या त्या रागावल्या की काढून घ्याल.

सातबारा:

सुभेदार काकांचं शेवटचं वाक्य मुद्द्याचं आहे. याच्या जोडीला इरोम शर्मिला आठवा. सैन्याला विशेषाधिकार देणाऱ्या कायद्याविरुद्ध (आफ्स्पा) मणिपुरात सोळा वर्षं उपोषण. २०१७ मध्ये विधानसभेला थौबलमधून उभ्या राहिल्या, मतं पडली ९०. त्याच मतदारसंघात नोटाला त्यांच्याहून जास्त. पूजा करायला अख्खं राज्य, मत द्यायला नव्वद माणसं.

रात्रपाळी:

हे तर माझ्याच बाजूचं झालं. लोकांनाच नको असेल तर?

घाटवाट:

@रात्रपाळी, "लोकांना नको" हे ठरवायला आधी लोकांसमोर नावं तर यायला हवीत. नागालँड राज्य १९६३ मध्ये झालं. विधानसभेत पहिली बाई निवडून आली मार्च २०२३ मध्ये. एक नाही, दोघी एकदम: दिमापूर-३ मधून वकील हेकानी जाखालू आणि वेस्टर्न अंगामीमधून साल्हौतुओनुओ क्रुसे. साठ वर्षं साठ जणांच्या सभागृहात शून्य. त्या निवडणुकीत १८३ उमेदवार होते, बायका फक्त चार. चारांतल्या दोन आल्या. आणि क्रुसे किती मतांनी आल्या माहितीये? सात. सात मतं म्हणजे आंटीच्या आवारातलं एक घर. आता त्या मंत्री आहेत.

फोंडेकर:

गोव्यातून थोडी भर. आमच्याकडे शशिकला काकोडकर १९७३ ते ७९ मुख्यमंत्री होत्या, आणि गोवा तेव्हा केंद्रशासित होता तरी त्यांचा दरारा काय वर्णावा. आमची आजी 'ताई' म्हटलं की उभी राहायची. पण हेही खरं की त्यांचे वडील, मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले नसते तर ताई तिथे पोचल्या असत्या का, सांगता येत नाही. बापाची लेक म्हणून दार उघडलं. मग निभावलं ते स्वतः.

नागालँडातही तसंच दिसतं. १९७७ मध्ये लोकसभेत गेलेल्या रानो शाइझा या नागा चळवळीचे नेते फिझो यांच्या पुतणी-भाचीच्या नात्यातल्या. आणि महाराष्ट्राने हसू नये. सावित्रीबाईंचा महाराष्ट्र म्हणता, तिथे आजवर एकही बाई मुख्यमंत्री झालेली नाही. २०१९ ला २८८ आमदारांत बायका २४.

तिखटमीठ:

फोंडेकर, लागलं हो ते. पण खरंय.

बेलफास्टवाली:

मी गेली अकरा वर्षं बेलफास्टला आहे, म्हणून इथली गोष्ट. मला ती नागालँडच्या अगदी उलट आणि म्हणून उपयोगाची वाटते.

१९९६ मध्ये इथल्या शांतता वाटाघाटींसाठी निवडणूक जाहीर झाली. बायकांच्या गटांनी मोठ्या पक्षांना विचारलं, तुमच्या यादीत बायका किती घेणार? उत्तरच आलं नाही. मग काही आठवड्यांत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बायकांनी मिळून स्वतःचाच पक्ष काढला, नॉर्दर्न आयर्लंड विमेन्स कोअलिशन. मतं मिळाली एक टक्क्याच्या आसपास. आपल्याकडे डिपॉझिट गेलं असतं. पण त्या निवडणुकीचा नियमच असा होता की मतदारसंघांतल्या जागांखेरीज राज्यभरात सगळ्यात जास्त मतं मिळालेल्या पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जागा. छोट्या सशस्त्र गटांचे पक्ष टेबलावर यावेत म्हणून केलेली सोय होती ती. बायका नवव्या आल्या आणि त्या फटीतून आत गेल्या. मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर.

आत गेल्यावर काय झालं? त्या बोलायला उठल्या की समोरच्या बाकांवरून गाईसारखे हंबरण्याचे आवाज काढायचे. खरंच. मोठमोठे नेते. यांनी टोमणे मारणाऱ्यांची नावं आणि त्यांची वाक्यं फळ्यावर लिहून लावायला सुरुवात केली.

१० एप्रिल १९९८ चा गुड फ्रायडे करार झाला त्यात हिंसाचारात होरपळलेल्या लोकांचे हक्क, दोन्ही पंथांच्या मुलांची एकत्र शाळा, मिश्र वस्त्या, नागरी मंच, हे जे मुद्दे आले त्यांत यांचा मोठा वाटा. बाकीचे कैद्यांची सुटका, शस्त्रं, सीमा यावर तासन्‌तास घालवत होते. सरकार कोणाचं यावर भांडायला सगळे होते, शाळेत पोरं कोणाशेजारी बसणार हा प्रश्न यांनी आणला.

पण शेवट गोड नाही. २००३ ला त्यांच्या दोन्ही जागा गेल्या, २००६ ला पक्ष बंद. नागरी मंच २००२ नंतर बसलाच नाही. माझी लेक इथल्या शाळेत जाते, एकत्र शाळा अजून मूठभरच आहेत. फाटकावर उभ्या राहिलेल्या आया गणवेशावरून एकमेकींचा पंथ ओळखतात. मला दोन्हीकडच्या हसून 'हाय' करतात, मी कुठल्याच खात्यात बसत नाही ना.

सातबारा:

वा. म्हणजे चांगुलपणाने नाही, नियमातल्या फटीने जागा मिळाली. याला जोडून: संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा ठराव १३२५, ऑक्टोबर २००० चा. शांतता वाटाघाटींत बायका हव्यात असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पण 'हव्यात' आणि 'इतक्या जागा' यात फरक आहे. ठरावाला पंचवीस वर्षं झाली तरी ठराव हातात घेऊन कोणी टेबलावर बसू शकत नाही. नागालँडच्या ३३ टक्क्यांवर सुप्रीम कोर्ट अडून बसलं कारण तो आकडा होता.

माळावरची:

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी लातूर जिल्ह्यातली. घाटवाटताईंची चहावाली आंटी वाचली आणि हसूच आलं.

२००७ ला तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हा समितीत बायका पाहिजेत असा नियम होता, म्हणून मला घेतलं. आमच्याकडे दोन भावांचं बांधावरून भांडण होतं. सात वर्षं दिवाणीत केस. समितीने तीनदा चावडीवर बोलावलं, तीनदा शिव्या झाल्या, एकदा काठ्या. मग मी त्या दोघांच्या बायकांना, म्हणजे जावाजावांना, एका दुपारी आमच्याकडे शेंगा फोडायला बोलावलं. एक सूप हिच्या मांडीवर, एक तिच्या. पहिला तासभर नुसता शेंगांचा आवाज. मग थोरली म्हणाली, बांधावरची बाभळ सासूबाईंनी लावलेली, ती कोणाच्या हद्दीत जाते याचंच मालकांना दुखणं आहे, वीतभर जमिनीचं नाही. धाकटीला हे माहीतच नव्हतं. बाभळ थोरल्याची, बांध धाकटा म्हणतो तिथे. आठ दिवसांत मिटलं, केस काढून घेतली.

समितीच्या रजिस्टरमध्ये काय लिहिलं? "अध्यक्षांच्या मध्यस्थीने उभयतांत समेट घडून आला." खाली माझा अंगठा नाही हो, सही आहे, मी बारावी आहे. पण शेंगांचं कुठेच नाही. पुढे गावाला बक्षिसाची रक्कम आली, ती कशावर खर्च करायची त्या बैठकीचा निरोप मला आला नाही. गावाला कमान झाली.

अण्णांची_सून:

कमान!! प्रत्येक गावाला कमान.

बेलफास्टवाली:

माळावरची, तुम्ही लिहीत राहा. शेंगांच्या सुपाची गोष्ट मी इथल्या मैत्रिणींना सांगणार आहे. सूप म्हणजे काय हे समजवायलाच अर्धा तास जाईल.

निवृत्त_सुभेदार:

माळावरच्या ताईंचं वाचून एक आठवलं. मणिपुरात उखरुलकडे तांगखुल नागांत जुनी चाल होती. दोन गावांत लढाई जुंपली की एका गावातून दुसऱ्या गावात दिलेली लेक मधे जाऊन उभी राहायची. पुक्रेला म्हणायचे तिला. तिला दोन्हीकडच्यांनी हात लावायचा नाही. एका वृद्ध मास्तरांकडून ऐकलं होतं, तेव्हा मी वहीत लिहून ठेवलेलं.

घाटवाट:

काका, हे तुम्ही आधी का नाही लिहिलंत! म्हणजे माहेर इकडे आणि सासर तिकडे. भाऊ एका रांगेत, नवरा दुसऱ्या. ती मधे उभी राहणार नाही तर काय करणार? कोणीही मेलं तरी सुतक तिलाच.

मला वाटतं आंटीच्या भाच्याच्या डोक्यात हीच बाई होती. तिला हात लावायचा नाही, तिचं ऐकून थांबायचं, तिला देव मानायचं. पण ती ना या गावाची, ना त्या गावाची, त्यामुळे कुठल्याच गावच्या बैठकीत तिला बाक नाही. मानाचं आणि वगळण्याचं कारण एकच.

तिखटमीठ:

हे म्हणजे आपल्याकडचं 'मुलगी परक्याचं धन' झालं की. तिथे निदान लढाई थांबत होती.

रात्रपाळी:

ठीक आहे, माझा मुद्दा थोडा मागे घेतो. सगळा नाही. फ्लेक्सवरचा तो म्हशीएवढा फोटो काल परत पाहिला.

एक विचारायचं होतं. नागालँडची ती नगरपालिकेची निवडणूक २०२४ ला झाली असं वाचलं, मग त्या आंटींचं काय? त्यांनी मत दिलं का? आणि तो भाचा?

घाटवाट:

@रात्रपाळी, बरं झालं विचारलंत. २६ जून २०२४ ला मतदान झालं, वीस वर्षांनी. त्याआधीची निवडणूक २००४ ची, आरक्षणाविना झालेली. पूर्वेकडच्या सहा जिल्ह्यांनी मात्र बहिष्कार घातला, त्यांची वेगळ्या राज्याची मागणी होती, तो स्वतंत्र विषय.

निकालानंतर मी आंटीला फोन केला. ती सकाळी सातलाच जाऊन रांगेत उभी राहिली होती, छत्री घेऊन, पाऊस होता. भाच्याने तिच्या वॉर्डातल्या एका बाई उमेदवाराची पत्रकं वाटली. का, तर त्याच्या बायकोची मावशी. २०१७ बद्दल तो काही बोलत नाही म्हणे, आणि तीही विचारत नाही.

मी म्हटलं, मग आता आंटी खूश? त्यावर ती बराच वेळ हसली. वॉर्डात दोघी बायका समोरासमोर उभ्या होत्या, दोघी एकाच चर्चच्या. निकालानंतर हरलेलीने जिंकलेलीशी बोलणं टाकलंय, रविवारी दोघी दोन टोकांच्या बाकांवर बसतात. पाद्रींनी आंटीला निरोप पाठवलाय, तू जाऊन बघ जरा. "कधी जाणार?" मी विचारलं. म्हणाली, "जाईन पुढच्या आठवड्यात. पण या वेळी चहा त्यांनी करायचा."

तिखटमीठ:

आंटींना आमचा नमस्कार सांगा. अवांतर: राजा मिरचीचं बी पुण्यात उगवतं का?

घाटवाट:

उगवतं. माझ्या बाल्कनीत दोन कुंड्या आहेत. फळ धरतं पण तिखट तितकं नाही. निरोप देते.